मंडळीत जिवाला विसावा देणारी माणसं कशी ओळखायची?

पंच_७: कापणीच्या सणाला आमच्या चर्चची पंच कमिटी मंडळीतल्या पाच जणांचा सत्कार करणार आहे. आधार बायबलमधलं १ करिंथ १६:१७-१८. तिथे प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, या माणसांनी माझ्या आणि तुमच्या जिवाला विसावा दिला, अशांना मान द्या. पण यादीत खजिनदार, गायनमंडळाचे प्रमुख आणि देणगीदारच दिसतायत. ज्यांच्यामुळे खरंच उभारी येते ती माणसं शोधायची कशी?

ग्रीकवाचक: १५ व्या ओवीपासून वाचा. पौल इफिसात आहे. स्तेफना, फर्तूनात आणि अखायिक करिंथहून त्याच्याकडे आलेत. तिघांच्या नावापुढे पद नाही. स्तेफनाच्या घरच्यांनी आपणहून सेवेला वाहून घेतलं, एवढंच लिहिलंय. विसावा देण्याचं ग्रीक क्रियापद 'अनापाउओ', मत्तय ११:२८ मधलंच, जिथे येशू म्हणतो 'मी तुम्हांला विसावा देईन'. अनेसिफरासाठी (२ तीमथ्य १:१६) शब्द वेगळा आहे, गारवा देणारा. रोममध्ये बेडीतल्या पौलाला तो शोधत हिंडला. आणि १६ वी ओवी म्हणते, अशांचं ऐका. नुसत्या शालीवर भागत नाही.

घरभेट: यादी पंचांना विचारून करू नका. जे चर्चला येऊ शकत नाहीत म्हणून ज्यांच्या घरी प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) न्यावं लागतं, ज्यांच्याकडे वर्षभरात मयत झालं, ज्यांची नोकरी गेली, अशी दहा-बारा घरं घ्या. प्रश्न एकच: 'पहिल्या आठवड्यानंतर कोण येत राहिलं?' पहिल्या आठवड्यात सगळेच येतात, फोटोही काढतात. तीन घरांतून एकच नाव आलं की पुढे शोधायला नको. बहुधा ते नाव उपासनेनंतर चटया गुंडाळणाऱ्या एखाद्या बाईचं निघतं.

गडबड होते ती व्यासपीठावर. 'अमक्यांच्या कॅन्सरमध्ये यांनी साथ दिली' असं माइकवर वाचलं की त्या घरचं दुखणं चारचौघांत येतं. दोन्हीकडची परवानगी आठवडाभर आधी घ्या. 'अथक सेवा' वगैरे नको. 'दर गुरुवारी डबा घेऊन येते आणि तासभर बसते', असं एक वाक्य पुरे.

पंच_७: सत्कारच नको म्हणाल्या तर?

घरभेट: तर नको. ज्या घरी त्या जातात, तिथून चार ओळींची चिठ्ठी लिहून घ्या. त्यांच्या भेटींपैकी निम्म्या महिनाभर इतरांत वाटा, कारण त्याही थकतात आणि बोलत नाहीत. आजाऱ्यांच्या मदतनिधीचं ठरवताना त्यांना बैठकीला बोलवा. कुणाची औषधं संपलीत हे त्यांनाच ठाऊक असतं. देणगीदारांचे आभार वार्षिक अहवालात माना, तिथे ते रकमेसकट शोभतात.