अपडेटची फाइल उघडून वाटावी, की स्वतःच्या कन्सोलमधून काढायला शिकवावी?

धागाकर्ता (घाटंजी तालुका) :
माझ्याकडे जुने घेतलेले निन्टेन्डो ३डीएस (हातात धरून खेळायचे गेम कन्सोल) आहे आणि त्यावरचे खेळ मी लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये (कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवतो. गावातली चार-पाच मुले हे माझ्याकडूनच शिकली. मूळ खेळ नीट सुरू होतो, पण अपडेट टाकताच ‘फाइल एन्क्रिप्टेड आहे’ (म्हणजे किल्लीने कुलूपबंद आहे) असा संदेश येतो, आणि मग मुले कुठल्या तरी ग्रुपमधून कोणा अनोळखी माणसाने डिक्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूप काढलेली फाइल उतरवतात. हे थांबावे, असे माझे ठाम मत आहे.

अडचण कुठे आहे ते आधी सांगतो. अपडेट हा खेळाचा तुकडा नसून कन्सोलच्या हिशेबी ते वेगळे टायटल, म्हणजे स्वतंत्र क्रमांकाची नोंद असते. खेळाचा क्रमांक ०००४०००० ने सुरू होतो, अपडेटचा ०००४०००ई ने, आणि पुढचे आठ अंक दोन्हींचे सारखे असतात. कार्ट्रिजची (खेळ असलेल्या छोट्या कार्डाची) प्रत काढताना ती बहुधा तिथेच डिक्रिप्ट केलेली असते. अपडेट मात्र एसडी कार्डावर असते आणि ते कार्ड प्रत्येक कन्सोलच्या स्वतंत्र किल्लीने बंद केलेले असते, त्यामुळे कार्ड लॅपटॉपला लावून फाइल नुसती उचलली तर ती काहीही कामाची नसते. ती कन्सोलमध्येच, तिथल्या फाइली हाताळणाऱ्या गॉडमोड९ सारख्या साधनाने काढावी लागते.

दारव्ह्याचा वाचक :
भाऊ, तांत्रिक भाग पटला, निष्कर्ष पटला नाही. ही साधने चालवायची तर आधी कन्सोलच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करावा लागतो. कापूस विकल्यावर कसेबसे घेतलेले एकच यंत्र घरी असताना मधेच वीज गेली, बॅटरीही संपलेली निघाली आणि कन्सोल बंद पडले, तर दुरुस्तीसाठी नागपूर गाठावे लागेल. शिवाय एकाच अपडेटची फाइल डिक्रिप्ट केल्यावर तुमच्याकडे आणि माझ्याकडे अक्षरशः सारखीच निघते. मग प्रत्येकाने हा धोका का पत्करावा?

धागाकर्ता :
वाटणाऱ्याने हात लावला नसेल, तरच ती सारखी निघेल. मूळ अपडेटसोबत एक यादी येते; तिच्यात प्रत्येक भागाचा शा-२५६ हॅश (बाइटांवरून काढलेला ठसा) असतो आणि तिच्यावर निर्मात्याची आरएसए पद्धतीची डिजिटल सही असते. आतले एन्क्रिप्शन काढताच फाइलचे बाइट बदलतात, त्यामुळे तो हॅश जुळत नाही. म्हणजे ग्रुपमधल्या फाइलमध्ये कोणी काय घुसवले, हे त्या यादीवरून तपासताच येत नाही. पेरणीला बियाणे घेताना आपण पिशवीचे सील पाहतो, इथे तर सीलच काढून टाकलेले असते. वीज जाण्याची तुमची भीती मात्र मला मान्य आहे. बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय मी कोणालाही सुरुवात करू देत नाही.

कायद्याचा विद्यार्थी (यवतमाळ) :
प्रताधिकार कायदा १९५७ मध्ये २०१२ साली आलेले कलम ६५अ, हक्कभंगाच्या हेतूने एन्क्रिप्शनसारखे संरक्षण तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. कलम ५२ मात्र कायदेशीर धारकाला प्रोग्रॅमची प्रत हरवू वा बिघडू नये म्हणून राखीव प्रत काढू देते. दोन्ही एकत्र वाचता, स्वतःच्या खेळाची प्रत काढणे आणि तीच प्रत शंभर जणांना वाटणे यांत मला मोठे अंतर दिसते. पहिल्या कृतीत हेतूचा बचाव तरी करता येतो.

दारव्ह्याचा वाचक :
वाटण्याबाबत माझा आग्रह मी थोडा सैल करतो, पण एक मुद्दा सोडत नाही. ३डीएसच्या ई-शॉपमधील (निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानातील) नवी खरेदी २७ मार्च २०२३ रोजी बंद झाली. अपडेट त्यानंतरही उतरवता येत राहिले, पण कायम येतील असे नाही. अपडेट मुळातच फुकट होते, त्यामुळे ते जपून ठेवल्याने कोणाची विक्री बुडत नाही. ज्याच्याकडे खरे कार्ट्रिज आहे पण कन्सोलचा पडदा फुटला आहे, त्या मुलाला तुम्ही काय सांगाल?

धागाकर्ता :
त्याला मी माझे कन्सोल देईन. त्याचे कार्ट्रिज माझ्या यंत्रात घालून त्याच प्रदेशाच्या आवृत्तीचे अपडेट उतरवू आणि त्याच्यासमोरच काढू, कारण युरोपच्या खेळाला अमेरिकेचे अपडेट लागू होत नाही आणि निम्मी मुले नेमकी तिथेच अडकतात. बाकी संग्रहाचा तुमचा मुद्दा खरा आहे. पण संग्रह करायचाच तर मूळ, सही असलेली एन्क्रिप्टेड फाइल जपावी, उघडलेली नव्हे.

दारव्ह्याचा वाचक :
संग्रहापुरते हे मान्य आहे. पण घाटंजीत तुम्ही आहात. दारव्ह्याच्या आसपासच्या खेड्यांत असे कन्सोल देणारे कोणी मला अजून भेटलेले नाही, म्हणून ग्रुप बंद करा असे मी तिथल्या मुलांना आजच सांगणार नाही.