गाबा जिंकलं, पण दौरा व्हायला हवा होता का?

(जानेवारी २०२१, कोरोनाचे निर्बंध चालू असताना. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर भारताने कसोटी जिंकल्यानंतरच्या गप्पा.)

पाचपाखाडीकर: काल सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "बाप गेला तरी सिराज परतला नाही. कसलं देशप्रेम? बोर्डाचा गल्ला भरायला खेळतायत." रात्रभर डोक्यात तेच. अहो, २० नोव्हेंबरला त्याचे वडील गेले तेव्हा तो ऑस्ट्रेलियात विलगीकरणात होता. बोर्डाने परत जायची मुभा दिली होती, तोच थांबला. आला असता तरी दफन थोडंच थांबलं असतं? वर पुन्हा जायचं तर परत १४ दिवस कोंडून घ्या. मालिकेत १३ बळी घेतले पोराने! आणि गाबाला खेळलेले नटराजन, सुंदर? ऐनवेळी भारतातून कुणाला बोलावणं शक्य नव्हतं, म्हणून नेटमध्ये गोलंदाजीला ठेवून घेतलेले. एरवी टी-२० संपताच घरी आले असते.

बी विंग: नाव घेतलं नाहीत, उपकार झाले. मीच तो. अ‍ॅडलेडला ३६ वर गुंडाळलं तेव्हा "सगळ्यांना परत बोलवा" असं तुम्हीच लिहिलं होतंत, सेक्रेटरीसाहेब. त्यांना खास विमान, आणि मला ठाण्याहून लोकलमध्ये पाय ठेवायची बंदी. रोज कोपरी पुलावर पाऊण तास गाडी बंद करून बसतो.

ऐरोलीकर: लोकलचं बोललात म्हणून. रहाणे डोंबिवलीहून, शार्दुल पालघरहून किट घेऊन लोकलने जायचे. या कोरोनाच्या नियमात दोघांनाही फलाटावरून हाकललं असतं. गाबावरच्या शार्दुलच्या ६७ धावा आणि ७ बळी गेले असते खड्ड्यात.

सी विंग ७०२: नियमांचं निघालंच आहे तर विचारते. माझ्या कामवाल्या मावशींना ऑक्टोबरपर्यंत गेटवर अडवलं. सेक्रेटरींची गाडी पुसायला मुलगा मात्र जूनपासून येत होता. विषाणू बादली बघून घाबरतो का?

पाचपाखाडीकर: वहिनी, इथे क्रिकेट चाललंय.

सी विंग ७०२: ब्रिस्बेनच्या हॉटेलात खोली झाडायला माणूस नाही म्हणून बोंबाबोंब झाली, तेही क्रिकेटच ना? मी सात महिने तीन खोल्या झाडल्या, गुडघा धरून.

ऐरोलीकर: आमच्याकडे पार्सल गेटवर दोन तास उन्हात ठेवायचे. श्रीखंडाचं पियुष झालं.

पाचपाखाडीकर: तो मुलगा पार्किंगच्या पुढे कधी आला नाही. मावशी लिफ्टने जातात. फरक आहे.

सी विंग ७०२: मी पहिल्या मजल्यावर असते तर आल्या असत्या का मग?

बी विंग: भांडून झालं असेल तर एक सांगतो. मे महिन्यात गावी आई गेली. प्रवासाचा पास तिसऱ्या दिवशी आला. अग्नी चुलतभावाने दिला, मी इथे हॉलमध्ये मोबाइल धरून. मध्येच रेंज गेली. मला जाऊ दिलं नाही, आणि सिराजला जाता येत असून तो गेला नाही. बघवलं नाही मला, म्हणून लिहिलं.

पाचपाखाडीकर: हे माहीत नव्हतं. गल्ला वगैरे तरी लिहायला नको होतं.

बी विंग: बरं, ते शब्द मागे. दौरा नको होता, यावर मी ठाम. पंतने विजयी चौकार मारला तेव्हा ओरडलो, तेवढं खरं.

ऐरोलीकर: सगळी बी विंग ओरडली असणार.

सी विंग ७०२: बादलीचं उत्तर आलेलं नाही.