आमचे नेव्हीवाले आप्पा: आठवणी असतील त्यांनी लिहा

गोदाकाठ
आज ४ डिसेंबर. सकाळपासून व्हॉट्सॲपवर नौदल दिनाचे फोटो येताहेत, सगळे १९७१ च्या कराची हल्ल्याचे आणि मिसाइल बोटींचे, अन् मला आमचे आप्पा आठवले. सायखेड्याजवळचं आमचं गाव, मिलिटरीवाले गल्लोगल्ली, पण नेव्हीतले एकटे आप्पाच. १९७१ च्या लढाईत ते विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते, बॉयलर रूममध्ये. म्हणायचे, कराचीवाल्यांनी नाव काढलंच रे, पण त्याच दिवशी आमची विमानं तिकडे पूर्व पाकिस्तानात कॉक्स बाजारवर हल्ल्याला गेली होती ते कुणी सांगत नाही. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला, तिघांवर जहाज लढाईत नेलं. स्पीड कमी म्हणजे विमान उडवायला समोरून वारा कमी, त्यामुळे खालच्या पोरांनी वाफ पडू द्यायची नाही. आप्पा तेव्हा विशीतले. लढाईचं विचारलं की ते बॉयलरचंच सांगायचे, कारण त्यांनी लढाई पाहिली ती खालूनच. गेल्या वर्षी गेले. पेपरात दोन ओळी, 'माजी सैनिक' एवढंच. मला ते पुरत नाही. आप्पा ज्यांना माहीत आहेत त्यांनी लिहा, तुमच्या घरात कुणी नेव्हीत असेल तर त्यांचंही लिहा.

एकलहरे कॉलनी
अरे हे तर आमच्या पॉवर स्टेशनचे आप्पा!! नेव्हीतून पंधरा वर्षांनी पेन्शन घेऊन आले आणि परत बॉयलरवरच लागले. मी नवीन होतो, मीटरकडे बघत बसायचो, आप्पा डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे 'पंपाचा आवाज बदललाय, जा बघ'. आणि खरंच बदललेला असायचा. नाइट शिफ्टला कुणी पेंगलं की ओरडायचे नाहीत, मिडल वॉच म्हणायचे, रात्री बाराची ते चारची, अन् स्वतः चहा घेऊन यायचे. मी जे काय शिकलो ते त्यांच्याकडून. बाकी नंतर लिहितो, ड्युटी आहे.

लेक सायखेड्याची
मला पोहायला त्यांनी शिकवलं, नदीला पाणी कमी असताना, आणि आम्हा मुलींना शिकवायचं म्हणून गावात बरंच बोलणं झालं तर काकू स्वतः काठावर येऊन बसायच्या. पहिलं पोहणं नाही, पहिली गाठ. बोलाईन. कमरेला बांधली की आवळत नाही आणि सुटतही नाही. २०१९ च्या पुरात पाणी घरात शिरलं तेव्हा सत्तरीला टेकलेला माणूस दोर घेऊन उभा, आमच्या आजीला त्याच गाठीनं बांधून पलीकडे नेलं. भाकरी टाकता टाकता लिहितेय, डोळे भरून आले.

दोन तोंड्या मारुती
त्या वर्षी आमच्या पंचवटीतही मारुतीच्या पार वरपर्यंत पाणी होतं, दुकानातला माल सगळा गेला. २०१६ ला पण तेच. ताई, आजी कशा आहेत आता?

लेक सायखेड्याची
@दोन तोंड्या मारुती आजी ठणठणीत, अजून सगळ्यांना तीच गोष्ट सांगते.

सिन्नरची सून
माझे सासरे नेव्हीत कुक होते. दोनशे माणसांचा स्वयंपाक केलेला माणूस, घरात चौघांची भाजी केली तरी पातेलं भरून, मग शेजारी वाटायची. अजून जगात त्यांच्यासारखी डाळ मी खाल्ली नाही. बोट हलत असताना पातेलं अर्धंच भरायचं हे ते मला गॅसजवळ उभं राहून शिकवायचे 😄

द्राक्षवाला निफाड
थंडी काय पडलीय राव, पहाटे बागेत शेकोट्या पेटवतोय, मण्यांना तडे जायची भीती. आप्पा पण थंडीत आमच्या बागेत यायचे शेकायला, गरम जागेची सवय म्हणे.

देवळाली कॅम्प
आमच्या आत्याचा दीर खुकरी या युद्धनौकेवर होता. ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन मुल्ला जहाजासोबतच राहिले. हा आला नाही. बॉडी नाही, त्यामुळे आजी कितीतरी वर्षं रेल्वेचा आवाज आला की दार उघडून बघायची. तुमच्या आप्पांचं वाचून बरं वाटलं, कुणीतरी परत आलं आणि एवढं जगलं.

गोदाकाठ
@देवळाली कॅम्प दादा, काय बोलू. आप्पा ९ तारखेला जेवायचे नाहीत, कारण कधी सांगितलं नाही, आज कळलं असं वाटतंय.

शाळेतला बाक
२६ जानेवारीला झेंड्याला पांढऱ्या कडक ड्रेसमध्ये, छातीवर १९७१ च्या लढाईचं 'पूर्वी स्टार' पदक. २०२२ ला नवी विक्रांत टीव्हीवर दाखवली तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो. सगळं बघून झाल्यावर पहिला प्रश्न, 'बॉयलर कितीय?' मी मोबाइलवर बघून सांगितलं, बॉयलर नाहीत आप्पा, गॅस टर्बाइन आहेत चार. खूश झाले. म्हणाले, बरं झालं, पोरं भाजणार नाहीत.

लेक सायखेड्याची
काकूंचं काय चाललंय? फॅमिली पेन्शन सुरू झाली का?

गोदाकाठ
नाही ना अजून, 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवर नावाच्या स्पेलिंगवरून अडलंय, आधारवर एक आणि डिस्चार्ज बुकात एक.

सिन्नरची सून
सासूबाईंचं हेच झालं होतं. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), मृत्यूचा दाखला, काकूंचं आधार आणि बँक पासबुक, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, एकट्या काकूंना पाठवू नका. सोमवारी मी नाशकातच आहे, साडेदहाला गेटवर थांबते.