चढावर मागची मोटर
"हायब्रिड ऑल-व्हील म्हणजे कोकणातला कुठलाही चढ चढेल" असं एकाने लिहिलंय, ते अर्धंच पटलं. (हायब्रिड ऑल-व्हील म्हणजे इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हींवर चालणारी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी.) २०२१च्या टोयोटा अ‍ॅक्वाच्या ई-फोर या ऑल-व्हील प्रकारात मागच्या चाकांना इंजिनाकडून शाफ्टच (जोर पोचवणारा दांडा) जात नाही, वेगळी इलेक्ट्रिक मोटर असते. तीही सात हॉर्सपॉवरच्या आतली. जागेवरून उचलायला छान, चिखलातून ओढून काढायला नाही. (आणि ती गाडी भारतात विकतही नाहीत!)

आमच्या गुहागरच्या घराचा चढ जांभ्याचा, श्रावणात शेवाळाने हिरवागार. पुढच्या चाकांना जोर मिळणाऱ्या हॅचबॅकची चाकं तिथे नुसती फिरफिरतात, कारण चढावर वजन मागे जातं. शेवटी काकांनी रिव्हर्समध्ये चढवायला लावली, म्हणजे वजन त्याच चाकांवर येतं. चाकांखाली दोन झावळ्या टाकल्या, गेली सरळ वर.