मुलांचा ल्युकेमिया आणि मेंदूच्या गाठी: कारणांच्या अभ्यासासाठी नमुना कोणता घ्यावा, पालकांना काय विचारावं?

सुदामानगर_लॅब, इंदूर
नमस्कार मंडळी. इंदूरात मुलांच्या कर्करोगाच्या कारणांवर एक छोटा अभ्यास आखतोय. १५ वर्षांखालचे बी-पेशींच्या एएलएलचे (तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) आणि मेंदूच्या गाठींचे रुग्ण, आणि तुलनेसाठी निरोगी मुलं. चार शंका आहेत. निदानाच्या दिवशी काढलेल्या रक्तातूनच डीएनए काढून एक्झोम (प्रथिनं बनवणाऱ्या जनुकभागांचं वाचन) केलं तर चालेल का, की थुंकी घ्यावी? फवारणी, घरातली कीटकनाशकं, हाय टेन्शन लाइन, मोबाइल, एक्स-रे हे सगळं एकाच प्रश्नावलीत बसवावं का? रुग्ण खरगोन, धार, झाबुआकडूनही येतात. तुलनेची मुलं इथल्याच ओपीडीतून घेतली तर? आणि १०० रुग्ण पुरतील का?

गुणसूत्र४६
निदानाच्या दिवशीचं रक्त जर्मलाइनसाठी (जन्मापासून शरीरभर असलेल्या बदलांसाठी) नको. त्या दिवशी रक्त ब्लास्टनी (ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशींनी) भरलेलं असतं. आईवडिलांकडून आलेला बदल साधारण निम्म्या रीड्समध्ये (वाचलेल्या डीएनए तुकड्यांत) दिसतो, आणि फक्त कर्करोगाच्या पेशींत झालेला बदलही तिथे तसाच निम्म्यावर दिसतो. दोन्ही वेगळे काढताच येत नाहीत. थुंकीनेही सुटका नाही, कारण तिच्यातला बराच डीएनए पांढऱ्या पेशींचाच असतो.

सगळ्यात भरवशाचा नमुना म्हणजे त्वचेचा ३ मिमी पंच (छोटा गोल तुकडा), त्यातून प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या. बोन मॅरो किंवा पाठीतलं पाणी काढायला मुलाला गुंगी देतातच, तेव्हाच घ्या. आधी प्लेटलेट बघून घ्या. जागा स्पिरिटने पुसा. आयोडीन राहून गेलं तर पेशी वाढत नाहीत. तुकडा अँटिबायोटिक घातलेल्या कल्चर मीडियात टाकून रूम टेंपरेचरला पाठवा. वॉर्डातली बायोप्सीची बाटली सवयीने पुढे केली जाते आणि तिच्यात फॉर्मलिन असतं. त्यात एकदा टाकला की पेशी मेल्या. फायब्रोब्लास्ट (त्वचेतल्या त्या पेशी) वाढायला काही आठवडे लागतात, ते वेळापत्रकात धरा.

हे जमणार नसेल तर इंडक्शन (उपचाराचा पहिला टप्पा) संपल्यावर एमआरडी (उरलेल्या कर्करोगपेशींचं प्रमाण) ०.०१ टक्क्याच्या खाली गेल्याची खात्री करून २-३ मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्या. हिरव्या झाकणाची हेपरिनची नको, पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) अडतो. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाचं रक्त तर मुळीच घेऊ नका, ते डोनरचं असतं.

आईवडिलांचे नमुने सोबत घ्या, म्हणजे बदल वारशाने आला की मुलातच नवा झाला हे कळतं. वाचन करताना फक्त परदेशी डेटाबेसवर विसंबू नका. आपल्याकडे सर्रास आढळणारे निरुपद्रवी बदल तिथे दुर्मीळ दिसतात आणि उगाच संशयित ठरतात. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या इंडिजेन प्रकल्पातले १,०२९ भारतीय जीनोम त्यासाठीच ताडून पाहायचे.

अपेक्षाही माफक ठेवा. २०१५ साली अमेरिकेत १,१२० मुलांचं सिक्वेन्सिंग झालं, त्यात कर्करोगाची प्रवृत्ती देणारा जर्मलाइन बदल ८.५ टक्क्यांत सापडला. मात्र ल्युकेमियाच्या पेशींत ३२ ते ३९ गुणसूत्रंच असतील तर टीपी५३ (गाठींना रोखणारं जनुक) आधी बघा. अशा मुलांपैकी निम्म्याच्या जवळपास मुलांत तो बदल जर्मलाइन निघतो. मग भावाचा किंवा बहिणीचा मॅरो घेण्याआधी त्यांची तपासणी व्हायलाच हवी.

माळवा_साथरोग
आधी १०० चं बघू. एखादी गोष्ट निरोगी मुलांपैकी १० टक्क्यांच्या वाट्याला येते आणि तिने धोका दुप्पट होतो असं धरलं, तर ८० टक्के पॉवरसाठी (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) साधारण २८० रुग्ण आणि तितकीच तुलनेची मुलं लागतात. एका रुग्णामागे तीन निरोगी घेतली तर रुग्ण १९० च्या आसपास पुरतात. १०० मध्ये ल्युकेमिया आणि मेंदूच्या गाठी एकत्र कोंबल्या तर हाती काहीच लागणार नाही. प्रायोगिक टप्पा म्हणून १०० ठीक, पण निष्कर्ष काढू नका.

ओपीडीतली मुलं घेऊ नका. ती बहुतेक शहरातली, आणि तुमचे निम्मे रुग्ण शेतावरचे. मग औषध फवारलं न फवारलं, फवारणी दोषी ठरणारच. त्याच तहसिलीतलं, त्याच वयाचं मूल शोधा. आशाताईंच्या मदतीने हे जमतं.

प्रश्न काळाला बांधून विचारा. बालपणीच्या एएलएलमधला ईटीव्ही६-आरयूएनएक्स१ हा दोन जनुकांचा जोड पुष्कळदा गर्भातच तयार होतो. १९९९ साली जन्मावेळच्या टाचेच्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबांत तो सापडला. हा जोड घेऊन जन्मलेल्या बहुतेक मुलांना मात्र आजार होत नाही, त्याला पुढे दुसरा धक्का लागतो. म्हणून गर्भधारणेआधीचे तीन महिने, गरोदरपण आणि मुलाचं पहिलं वर्ष असे वेगळे रकाने करा. 'तुम्ही फवारणी करता का?' याला उत्तर 'नाही' येतं. त्यापेक्षा विचारा: त्या वर्षी सोयाबीनवर कोणतं औषध मारलं, राखीच्या आधी की नंतर, पंपात कोणी कालवलं, आणि फवारणीचे कपडे कोणी धुतले? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक उत्तर येईल 'हिच्या आईने', आणि आईला तर कोणी विचारलेलंच नसतं. घरात उरलेली बाटली असेल तर लेबलचा फोटो घ्या.

हाय टेन्शन लाइनचं नुसतं अंतर मोजून भागत नाही. मूल झोपतं त्या खोलीत मीटर किमान २४ तास ठेवा. जुन्या एकत्रित विश्लेषणांत सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाच्या वरच धोका सुमारे दुप्पट दिसला होता, तोही फार थोड्या घरांत, आणि कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. मोबाइलसाठी जागा अडवू नका: १४ देशांच्या मोबी-किड्स अभ्यासात, ज्यात भारतही होता, १० ते २४ वयोगटात मेंदूच्या गाठींशी संबंध दिसला नाही. सीटीचं मात्र नीट विचारा, आणि तोंडी माहितीवर जाऊ नका, फाइल बघा. डोक्याला मार लागल्यावर केलेला सीटी आणि गाठीच्या लक्षणांसाठी केलेला सीटी एकाच रकान्यात गेला तर गाठीमुळे झालेली तपासणीच गाठीचं कारण ठरते. निदानाआधीचं किमान एक वर्ष वगळा.

न्यूरोपॅथ_इंदूर
वरच्यांशी सहमत, आणि मेंदूच्या गाठींबद्दल आणखी एक: 'मेंदूची गाठ' हा एक आजार नाही. मेड्युलोब्लास्टोमा, पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा आणि ब्रेनस्टेममधला ग्लायोमा यांची मुळं वेगवेगळी आहेत, म्हणून प्रत्येकाचा गट स्वतंत्र ठेवा.

प्रत्येक मुलाचे कपडे उतरवून, उजेडात अंग पाहा. दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग, प्रत्येक ५ मिमीहून मोठा, असले की एनएफ१ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा जनुकीय आजार) मनात आणा. तसेच डाग आणि हाय ग्रेड ग्लायोमा एकत्र असतील, आईवडील आतेमामे भावंडं असतील, तर सीएमएमआरडी (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती जन्मतः बिघडलेल्या असणं). लग्नातलं नातं विचारताना आजीसमोर नको. आईवडिलांना बाजूला बसवून विचारा, नाहीतर माहिती दडते.

सीएमएमआरडीची पहिली चाचणी स्वस्त आहे: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या चार प्रथिनांचं आयएचसी (ऊतीतलं प्रथिन रंगवून पाहणं). गाठीत एखादं गायब दिसलं की शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी बघा. तिथेही रंग नसेल तर सीएमएमआरडीची शंका बळावते. पण स्लाइडवर दुसऱ्या कुणाच्या निरोगी ऊतीचा कंट्रोल हवाच. नाहीतर स्टेनच बिघडलाय की प्रथिनच नाही, हे कसं कळणार?

सुदामानगर_लॅब
फार उपयोग झाला, मनापासून आभार. पंच आणि इंडक्शननंतरचं रक्त दोन्ही ठेवतो, तुलनेची मुलं तहसिलीप्रमाणे. एक राहिलं: जर्मलाइन बदल सापडला तर घरच्यांना कधी सांगायचं? आणि अर्थ न लागणारा बदल निघाला तर?

गुणसूत्र४६
कळवायचं की नाही हे संमतीपत्रातच, नमुना घेण्याआधी विचारा. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ ची लेखी सहमतीही लागते. निश्चित रोगकारक बदल निघाला तर ताज्या नमुन्यावर पुन्हा खात्री करा, मगच सांगा, आणि तेही जेनेटिक काउन्सेलरच्या सोबतीने. अर्थ न लागणाऱ्या बदलावरून भावंडांची तपासणी किंवा डोनरची निवड करू नका. नोंद ठेवा आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा वाचा. आणि आई हमखास विचारते, 'माझ्या हातून काही चुकलं का?' त्याचं उत्तर पहिल्याच बैठकीत, तिने विचारायच्या आधी द्या: कोणताही बदल कुणी मागून घेतलेला नसतो, आणि बहुतेक मुलांत असा वारसा सापडतच नाही.