मुकादमाची चांगली बाजू कशी लिहू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बीडकडच्या ऊसतोड टोळीवर दीर्घकथा लिहितेय. त्यातला मुकादम मजुरांची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटत आली की वहीतला आकडा फुगवतो. पण तो नुसताच खलनायक झालाय, ते मला पटत नाही. म्हणून एक प्रसंग घातला: रात्री कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, एका बाईला कळा सुरू होतात, हा स्वतः ट्रॅक्टर काढून तिला दवाखान्यात नेतो. सकाळी डिझेलचा खर्च तिच्याच नवऱ्याच्या उचलीत मांडतो. इथे अडलेय. खर्च ठेवला तर चांगुलपणा खोटा वाटतो, काढला तर माणूसच बदलतो. महाभारतातला कर्ण कवचकुंडलं देतो आणि भर सभेत द्रौपदीला नको ते बोलतोही. दोन्ही खरं वाटतं. टोळ्या जवळून पाहिलेल्यांनी जरूर सांगा, असा मुकादम वहीत काय लिहील?