ग्राहकाने 'माझी माहिती पुसून टाका' असे कळवले आहे. बिलांचे काय करावे?

चाटीगल्लीकर:
सोलापुरात आमचा चादरी-टॉवेलांचा घरगुती व्यवसाय असून तीन वर्षांपासून आम्ही वेबसाइटवरूनही ऑर्डर घेतो. ऑर्डरच्या वेळी नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, ईमेल आणि जन्मतारीख भरून घेतली जाते. पैसे पेमेंट गेटवेमार्फत येत असल्यामुळे कार्डाचे तपशील आमच्याकडे येत नाहीत. गड्डा यात्रेच्या सुमारास सर्व जुन्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवर सवलतीचा संदेश पाठवण्याची वडिलांची पद्धत आहे. यंदा त्यावर पुण्याच्या एका ताईंनी कळवले की, त्यांनी क्रमांक फक्त पार्सलसाठी दिला होता, तेव्हा त्यांची सर्व माहिती पुसून तसे लेखी कळवावे. वडील म्हणतात, बिलेच नष्ट केली तर जीएसटीच्या तपासणीत उत्तर कोण देणार? मला दोघांचेही पटते. शिवाय आमचे गोपनीयता धोरण वेबसाइट करून देणाऱ्याने कुठून तरी उचललेले दिसते, कारण त्यात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचे हक्क सविस्तर दिले आहेत.

हिशेबनीस:
वडिलांचे बिलांपुरते बरोबर आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. मात्र ही सबब व्हॉट्सॲपच्या यादीला लागू होत नाही.

कलमवाचक:
वरील उत्तराला पुढे जोडतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि व्यावसायिकांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तोपर्यंत थांबण्यात मला शहाणपण दिसत नाही, कारण खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच सांगितले आहे. नव्या कायद्यात संमती ठराविक हेतूपुरतीच असते; पार्सलसाठी दिलेला क्रमांक जाहिरातीसाठी वापरायचा तर त्याची संमती वेगळी घ्यावी लागते, आणि ती देणे जितके सोपे तितकेच काढून घेणेही सोपे असले पाहिजे. माहिती पुसण्याची मागणी आली तरी, दुसऱ्या कायद्याने जे जपणे बंधनकारक आहे ते जपण्याची मुभा याच कायद्यात आहे. म्हणून बिल ठेवा. वेबसाइटवरील खाते, जाहिरातीची यादी आणि ईमेलची यादी यांतून त्या ताईंचे नाव काढा.

धोरणाविषयी थोडे कडक बोलतो. दुसऱ्याचे धोरण उचलणे म्हणजे आपण जे करत नाही त्याची हमी देणे होय. तुम्ही काय घेता, कशासाठी घेता, कुरिअरवाल्यांना काय देता आणि तक्रार कोणाकडे करायची, एवढे साध्या मराठीत लिहिले तरी एक पान पुरते. माहिती घेतानाची ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागणार आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू आणि अक्कलकोटकडील कन्नड वाचकांचा विचार त्यात आपोआप येतो. आणखी एक गोष्ट: माहिती वेबसाइट करून देणाऱ्याच्या सर्व्हरवर असली, तरी कायद्यापुढे जबाबदार तुम्हीच ठरता. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. चादरीच्या दुकानाला तेवढा होईल असे नव्हे, पण मर्यादा ठाऊक असावी.

हिशेबनीस:
चादर विकायला जन्मतारीख कशाला लागते?

चाटीगल्लीकर:
वडिलांना विचारले, त्यांनाही आठवत नाही. तो रकाना आजच काढायला सांगितला. शोध घेतला तेव्हा ताईंचा क्रमांक वडिलांचा फोन, पॅकिंगची वही आणि वेबसाइटचा जुना बॅकअप अशा तीन ठिकाणी सापडला. पहिल्या दोन ठिकाणचा काढला आहे, बॅकअपसाठी आठवड्याची मुदत मागितली आहे. त्यांना पुढील उत्तर पाठवत आहे: 'आपला क्रमांक जाहिरातीच्या यादीतून आणि वहीतून काढला आहे. जुन्या बॅकअपमधील नोंद आठवड्याभरात पुसून आपल्याला कळवू. बिलावरील नाव व पत्ता जीएसटी कायद्याने ठरवलेली मुदत संपेपर्यंत ठेवावा लागेल. त्याचा अन्य कशासाठीही वापर होणार नाही.'

कलमवाचक:
योग्य आहे. शेवटी तक्रारीसाठी नाव व फोन क्रमांक तेवढा जोडा.